वसंतरावांनी विदर्भाला काय दिलं?

सकाळी मॉरिस कॉलेज टी पॉइंटजवळच्या ठेल्यावर तर्रीपोहे खाताना वाद पेटला तो कॉलेजच्या पाटीवरून. पाटीवर वसंतराव नाईकांचं नाव आहे. पुसदजवळच्या गहुलीचे, नागपुरात शिकून वकील झालेले, आधी अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली केलेले.

"अकरा वर्षं आपल्या पुसदचा माणूस मुख्यमंत्री," आमच्यातला तरुण म्हणाला, "अन् विदर्भाले काय भेटलं? १९८४ साली दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजला, तेव्हा सिंचनात आपण मागंच होतो नं!"

तात्या निवृत्त तलाठी. पोह्याची प्लेट खाली ठेवून म्हणाले, "बाबू, १९६० ले राज्य एक झालं, पण जमीन महसुलाचे कायदे तीन होते. पुण्याकडं १८७९ चा मुंबईचा, मराठवाड्यात निजामाचा, त्याच्या फसली सनातला १३१७ चा, आपल्याकडं मध्य प्रदेशचा १९५४ चा. राज्य झालं तेव्हा महसूलमंत्री कोण? नाईकच. १९६६ ले एकच महसूल संहिता झाली तेव्हा मुख्यमंत्री कोण? तेच."

"कायदा मंत्री थोडाच लिहिते काका? अन् रोजगार हमी योजनेची कल्पना तं वि. स. पागेंची."

"पागेंचीच, मान्य. पण १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं काढायचा निर्णय सरकारले घ्यावा लागला. अन् त्या संहितेचं १५० वं कलम मी नोकरीभर राबवलं. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची, नोंद झाली का प्रत चावडीवर लावायची, ज्याचा हक्क त्याले लेखी नोटीस द्यायची. कितीतरी बहिणी ती नोटीस घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. नाव कमी करू नका म्हणत."

हे ऐकताना मला काटोलकडची माझी आत्या आठवली. वडिलांच्या वावरात तिचं नाव टिकलं ते अशाच एका नोटिशीमुळे. वकील राज्यकर्ता झाला की त्याची भाषणं लोकांच्या लक्षात राहतात. मला मात्र तीन कायद्यांचा एक कायदा करण्याचं हे किचकट, नाव न मिळवून देणारं काम मोठं वाटतं. विशेषतः नव्या राज्यात, जिथं पुसदच्या, परभणीच्या आणि पुण्याच्या शेतकऱ्याला एकच महसूल कायदा हवा होता.

तरुणाने शेवटी विचारलं, "पण पाण्याचं काय, तात्या?"

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. "ते उत्तर माझ्यापाशी नाही," म्हणाले. त्याचा तो प्रश्न रास्त आहे, आणि नाईकांवर माझं कितीही प्रेम असलं तरी तो मला खोडता येत नाही.