मैत्रीचं सुवर्णपदक पुरे, आता बायकांची उंच उडी बघा

टोकियो ऑलिंपिकच्या पुरुषांच्या उंच उडीचा तो व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड परवा पुन्हा आला. इटलीचा ताम्बेरी ऐन वेळी जखमी झाला, मग कतारच्या बार्शिमने मोठ्या मनाने माघार घेतली आणि सुवर्णपदक वाटून घेतलं. खाली हात जोडलेले इमोजी. अहो, ताम्बेरीचा पाय दुखावला होता २०१६ साली, रिओच्या आधी. टोकियोत दोघांनीही २.३७ मीटर पार केले, तोवर दोघांचीही एकही उडी चुकली नव्हती, आणि २.३९ ला दोघेही तीन-तीनदा चुकले. जादा उडीने निकाल लावायचा का, हे ठरत असताना बार्शिमने विचारलं, दोन सुवर्णं मिळतील का? नियमात बसत होतं, मिळाली. छान झालं. पण त्यात त्याग कुठे आला?

माझी तक्रार त्या दोघांबद्दल नाही. उंच उडी म्हटलं की आपल्याकडे एवढंच आठवतं, याबद्दल आहे. कारण बायकांच्या उंच उडीत गेली काही वर्षं जे चाललंय ते याच्या दसपट थरारक आहे, आणि तिथे सुवर्ण कोणी वाटून देत नाही.

नियम असा: दोघींनी सारखीच उंची पार केली, तर त्या शेवटच्या उंचीवर कोण कमी वेळा चुकली ते बघतात. तिथेही बरोबरी असेल तर तोवरच्या एकूण चुका मोजतात. तरीही सुटलं नाही तरच पहिल्या क्रमांकासाठी जादा उडी. म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात उंची पार करणारी स्पर्धेत टिकते खरी, पण तिच्या डोक्यावर उधारी चढलेली असते. पुढची उंची पार केली तरच ती फिटते.

युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखचंच बघा. २०१९ ची दोहा जागतिक स्पर्धा, वय जेमतेम १८. रशियाची मारिया लासित्स्केने (तेव्हा तटस्थ म्हणून खेळत होती) २.०४ पहिल्याच प्रयत्नात पार करते. माहुचिखही २.०४ करते, कनिष्ठ गटाचा विश्वविक्रम, पण तिसऱ्या प्रयत्नात. रौप्य. २०२२, युजीन. देशात युद्ध, ती घर सोडून बाहेर. ऑस्ट्रेलियाची एलेनॉर पॅटरसन २.०२ पहिल्या फटक्यात, माहुचिख दुसऱ्या. पुन्हा रौप्य! मग २०२४, पॅरिस ऑलिंपिक. या वेळी तिने २.०० पहिल्याच प्रयत्नात पार केले, ऑस्ट्रेलियाच्या निकोला ऑलिस्लागर्सला जास्त प्रयत्न लागले. दोघींची उंची तीच, सुवर्ण माहुचिखला. ज्या नियमाने दोनदा हिसकावलं, त्यानेच दिलं.

आणि हीच बाई त्याच्या महिनाभर आधी, त्याच पॅरिसमध्ये २.१० मारून बसली होती. बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्तादिनोव्हाचा १९८७ मधला २.०९ चा विक्रम ३७ वर्षांनी तिने मोडला. विक्रम २.१०, ऑलिंपिक सुवर्ण २.०० वर, आणि २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत १.९७ वर कांस्य, तेही सर्बियाच्या अँजेलिना टोपिचसोबत विभागून. तिथे सुवर्ण ऑलिस्लागर्सचं, पोलंडच्या मारिया झोजिकच्या पुढे. दोघींची उंची २.००. निकाल पुन्हा चुकांच्या हिशोबावर.

म्हणून म्हणते, हा खेळ फक्त उंचीचा नाही. माहुचिख दोन उड्यांच्या मधे स्लीपिंग बॅगेत जाऊन पडते. ऑलिस्लागर्स प्रत्येक उडीनंतर वहीत लिहीत बसते, स्वतःला दहापैकी गुण देते. गंमत वाटते बघताना, पण पहिलाच प्रयत्न महत्त्वाचा असेल तर डोकं शांत ठेवण्याचा प्रत्येकीचा काहीतरी मार्ग असणारच.

कोणी म्हणेल, सारखीच उंची मारूनही एकीला रौप्य, हा अन्याय नाही का? मला नाही वाटत. रिओत २०१६ साली चौघी १.९७ वर अडकल्या होत्या. स्पेनची रूथ बेइतिया वयाच्या ३७ व्या वर्षी सुवर्ण घेऊन गेली आणि अमेरिकेची शॉन्टे लो तीच उंची मारून चौथी, रिकाम्या हाताने. क्रूर आहे. पण सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली क्रूरता आहे. चौघींना चार सुवर्णं दिली असती तर बेइतियाच्या बिनचूक उड्यांची किंमत काय राहिली असती?

पुरुषांचंही सांगते. पॅरिस ऑलिंपिकला न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन यांची बरोबरी झाली, सुवर्ण वाटून घेण्याऐवजी ते जादा उड्यांना गेले, आणि कर जिंकला. इंटरनेटवर मॅकइवनला लोकांनी वेड्यात काढलं. ज्याने खेळायचं ठरवलं, तो मूर्ख!

आपल्याकडे हे सगळं बातमीच्या शेवटच्या ओळीत येतं, कारण त्यात आपली मुलगी नसते. भारताचा महिलांचा विक्रम सहाना कुमारीचा, १.९२, तोही २०१२ चा. हरयाणाच्या पूजाने २०२५ मध्ये आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत १.८९ वर सुवर्ण मिळवलं, तेव्हा दोन दिवस कौतुक झालं. ते अंतर भरायला वेळ लागेल. तोवर दुसऱ्यांच्या मुलींच्या उड्या बघायला कोणी अडवलेलं नाही.

२०२७ ची जागतिक स्पर्धा बीजिंगला आहे. त्याच शहरात २००८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाची ब्लांका व्लाशिच, सलग ३४ स्पर्धा जिंकून आलेली, २.०५ पार करूनही हरली होती, कारण बेल्जियमच्या टिया हेलेबाउटने ती उंची पहिल्याच प्रयत्नात मारली. २०२७ मध्ये टीव्हीवर धावण्याच्या शर्यतीच दाखवत बसले, तर लिंक शोधा. आणि पडद्यावर नुसत्या उंचीकडे बघू नका, नावापुढच्या फुल्या, म्हणजे चुकलेल्या उड्या, मोजा.