माउंट यॉर्कचा उतार

पावसाळा सुरू झाला की मुंबई-गोवा महामार्गावरील खड्ड्यांची छायाचित्रे इथे सिडनीतही येऊन पोहोचतात आणि त्यांच्या मागोमाग 'इंग्रजांनी बांधलेले बघा, अजून उभे आहे' हे ठरलेले वाक्य येते. त्यामागचा संताप रास्त आहे. मात्र इंग्रजांनीच वसवलेल्या मुलखात राहू लागल्यापासून मला ते वाक्य पूर्वीसारखे पटत नाही.

सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लू माउंटन्स पार करण्याची वाट वसाहतवाल्यांना १८१३ मध्ये सापडली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये वसाहतीचे गव्हर्नर मॅक्वारी यांनी विल्यम कॉक्स यांच्याकडे रस्त्याचे काम सोपवले आणि अवघ्या तीस कैद्यांनी जानेवारी १८१५ पर्यंत डोंगरापलीकडच्या बॅथर्स्टपावेतो १०१ मैलांचा रस्ता केला. मजुरीऐवजी त्यांना शिक्षेतून सुटकेचे आमिष होते. सहा महिन्यांचा हा पराक्रम इथे अभिमानाने सांगितला जातो. पण माउंट यॉर्कवरून खाली उतरणारा त्याचा टप्पा इतका उभा होता की बैलगाड्या आवरण्यासाठी मागे झाडांचे ओंडके बांधावे लागत. दशकभरातच दुसऱ्या वाटांचा शोध सुरू झाला आणि १८३२ मध्ये सर्व्हेअर जनरल (भूमापन खात्याचे प्रमुख) टॉमस मिचेल यांनी आखलेला व्हिक्टोरिया पास खुला झाला. डोंगरातल्या कटुंबा गावाहून पलीकडे गाडी नेताना आपण उतरतो तो हाच घाट. कॉक्सचा उतार केव्हाच मागे पडला. म्हणजे इंग्रजांचा पहिला रस्ता टिकला नाही, तो चुकला आणि नव्याने आखावा लागला.

शिवाय तो रिकाम्या रानातून गेला नव्हता. त्याच वाटेने मेंढ्यांचे कळप आणि जमिनीचे नवे मालक विराजुरी या मूळ रहिवासी लोकांच्या प्रदेशात शिरले आणि १८२४ मध्ये बॅथर्स्ट भागात लष्करी कायदा पुकारण्यापर्यंत वेळ आली.

टिकला तो डोंगराच्या सिडनीकडील पायथ्याशी, लॅपस्टोनजवळचा दगडी कमानीचा पूल. पाथरवट डेव्हिड लेनॉक्स याने वीस कैद्यांकडून तो बांधून घेतला. कमानीच्या मधल्या दगडांवर त्याचे नाव आणि १८३३ हे साल कोरलेले आहे. कैद्यांची नावे नाहीत. पण हा पूलही नुसत्या इंग्रजी पुण्याईवर उभा नाही. १९७६ मध्ये तो वाहनांना बंद करण्यात आला आणि आतून काँक्रीटने बळकट करून १९८२ मध्ये पुन्हा खुला झाला. मधली सहा वर्षे 'इंग्रजांचे काम आहे, काही होत नाही' असे म्हणून कोणी त्यावरून गाड्या सोडल्या नाहीत.

आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात जो पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या ज्याच्यासोबत गेल्या, तोही इंग्रजांचाच होता, १९२८ चा. त्यानंतरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, म्हणजे कॉक्सच्या सहा महिन्यांपेक्षाही लवकर. त्याच महामार्गाच्या चौपदरीकरणाला मात्र तेव्हा सहा वर्षे होत आली होती आणि ते पुढेही रखडतच राहिले.