रेसचं पॅकेज घेताय? आधी पॅडॉक कुठे आहे ते विचारा

घोड्यांच्या मोठ्या रेसचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज, म्हणजे जेवण-पेयांसकट राखीव जागा, घेताना लोक आधी मेन्यू बघतात. माझा विरोध आहे तो नेमका यालाच. चार कोर्सचं जेवण, शॅम्पेन, दुपारचा चहा याची चार पानं वाचून होतात आणि तुमची जागा कुठे, तिथून काय दिसणार, हे कुणी विचारतच नाही. विकणाराही आपणहून सांगत नाही. एवढे पैसे मोजून जाणाऱ्या माणसाला घोडा जवळून दिसलाच पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं.

दिवसाचा हिशोब मांडून बघा. सहा-सात रेस असतात आणि दोन रेसमध्ये साधारण 30 ते 35 मिनिटं जातात. 1200 मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते. मेलबर्न कपसारखी 3200 मीटरची लांब रेस घ्या, तिचा विक्रम 1990 साली किंग्स्टन रूल या घोड्यानं केला, 3 मिनिटं 16.3 सेकंद. म्हणजे अडथळे नसलेल्या रेसच्या अख्ख्या दिवसाचं धावणं एकत्र केलं तरी पाव तास होणं मुश्कील. उरलेला सगळा वेळ तुम्ही कुठे असणार, हे तुमचं पॅकेज ठरवतं.

आणि त्या वेळात बघण्यासारखं सगळं पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या आवारात, घडत असतं. मोतद्दार लगाम धरून घोड्याला गोल फिरवतो. कुणाच्या मानेवर घामाचा पांढरा फेस आलेला, कुणी कान मागे पाडलेले, कुणी आपल्याच तोऱ्यात लांब ढांगा टाकत चाललेला. कातडीखालच्या शिरा मोजता येतील इतक्या जवळून हे दिसतं. मग घंटा होते, ट्रेनर जॉकीच्या वाकवलेल्या पायाला हात देतो आणि तो एका झटक्यात खोगिरावर. पाच मिनिटांपूर्वी जवळून पाहिलेला तोच घोडा शेवटच्या दोन फर्लांगात पुढे सरकायला लागला की अंगावर काटा येतो. टीव्हीवर नुसता नंबर बघून ते होत नाही.

म्हणून बुकिंग करताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: खोलीपासून पॅडॉकपर्यंत चालत किती वेळ? दुसरा, हातातल्या बॅजवर तिथे उभं राहता येतं का? कारण वेगवेगळ्या एन्क्लोजरचे, म्हणजे प्रेक्षकांसाठी आखलेल्या भागांचे, बॅज वेगळे असतात आणि महागडी खोली म्हणजे सगळीकडे मोकळी वाट, असं अजिबात नाही. तिसरा, जेवण कधी वाढणार? पहिल्या रेसच्या आधी मुख्य जेवण आटपत असेल तर उत्तम. रेस सुरू असताना एकेक ताट येणार असेल तर तुम्ही खुर्चीला बांधलेच गेलात. त्यात पैसे लावायची खिडकीही आत, रेस दाखवणारा टीव्हीचा पडदाही आत. बाहेर पाऊल टाकायचं कारणच उरत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खासगी बॉक्स घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. बॉक्स कंपनीच्या पाहुण्यांसाठी किंवा मोठ्या कुटुंबासाठी छान. त्याला किमान माणसांची अट असते, ती भरायला रेसमध्ये रस नसलेली मंडळी गोळा होतात आणि दुपारभर गप्पा ऑफिसच्याच चालतात. त्यापेक्षा रेस्टॉरंटमधलं दोघा-चौघांचं स्वतःचं टेबल घ्या. मात्र ‘स्वतःचं’ आहे ना, हे लेखी विचारा. बऱ्याच पॅकेजमध्ये टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावं लागतं.

‘ट्रॅकचा नजारा’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. कुठल्या भागाचा नजारा, ते महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या अ‍ॅस्कटचा सरळ मैल किंवा मेलबर्नमधल्या फ्लेमिंग्टनचा 1200 मीटरचा सरळ पट्टा घ्या. तिथे वळणच नाही, घोडे बराच वेळ समोरून अंगावर येताना दिसतात आणि कोण पुढे आहे ते कळत नाही. अशा ठिकाणी बाल्कनीतून मोठा पडदा दिसायलाच हवा. एप्समच्या डर्बीत टॅटनहॅम कॉर्नरचं वळण दिसणारी जागा सोन्यासारखी. लिव्हरपूलच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर ग्रँड नॅशनलमध्ये घोड्यांना 30 उड्या माराव्या लागतात, पण बीचर्स ब्रुक हा प्रसिद्ध अडथळा मुख्य स्टँडपासून लांब आहे. स्टँडसमोर येतो तो ‘द चेअर’ हा अडथळा, आणि तो सगळ्या रेसमध्ये एकदाच ओलांडतात. तुम्हाला काय बघायचंय ते आधी ठरवा आणि मग खोली निवडा. विनिंग पोस्ट (रेस संपते तिथला खांब) तिरकं दिसत असेल तर नाकाच्या फरकानं जिंकलेल्या रेसमध्ये डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

कपड्यांचे नियम बुकिंगच्याच दिवशी वाचून घ्या, नंतर धावपळ होते. रॉयल अ‍ॅस्कट या अ‍ॅस्कटच्या शाही रेस-सोहळ्यात रॉयल एन्क्लोजरमध्ये पुरुषांना मॉर्निंग सूट (मागे लांब शेपटीचा कोट) आणि टॉप हॅट लागते. बायकांनाही हॅट लागते, किंवा तिच्याऐवजी किमान 4 इंचांचा भरीव तळ असलेला हेडपीस. बाकीच्या एन्क्लोजरचे नियम सौम्य आहेत. आवडलं तर हौसेनं करा, नाहीतर दुसरं एन्क्लोजर घ्या, रेस तीच दिसते.

आता पैशांचं. बुकिंग रेसकोर्सकडून थेट किंवा त्यांच्या यादीत नाव असलेल्या एजंटकडूनच करा. पेयं दिवसभर पॅकेजमध्ये आहेत की अमुक वेळेनंतर बिल सुरू होतं, पार्किंग किती गाड्यांचं, व्हीलचेअर किंवा लहान मूल बरोबर असेल तर सोय काय, हे ईमेलवर घ्या, फोनवर नको. आणि रेस रद्द झाल्या तर काय, हे तर नक्कीच. 2008 साली वादळी वाऱ्यामुळे इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम फेस्टिव्हल या रेस-सोहळ्याचा बुधवार रद्द झाला आणि त्या दिवसाच्या रेस पुढच्या दोन दिवसांत भरल्या. रेस झाल्या, पण बुधवारचं टेबल घेतलेल्यांचा दिवस गेला. तेव्हा अशा वेळी पूर्ण पैसे परत, तारीख बदलून, की काहीच नाही, हे कलम पैसे भरायच्या आधी वाचा.

शेवटी दिवसाची निवड, आणि यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. रॉयल अ‍ॅस्कट म्हटलं की सगळ्यांना गुरुवार हवा, कारण त्या दिवशी गोल्ड कप आणि हॅटचा थाट. पण ग्रुप वन या सर्वोच्च दर्जाच्या तीन रेस मंगळवारी असतात: क्वीन अ‍ॅन स्टेक्स, किंग चार्ल्स थर्ड स्टेक्स आणि सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स. घोड्यांसाठी जाणाऱ्यानं मंगळवारच घ्यावा. आणि बजेट ताणून मोठ्या रेस-मीटिंगचं सगळ्यात स्वस्त, कोपऱ्यातलं पॅकेज मिळत असेल, तर त्याच पैशांत एखाद्या साध्या शनिवारचं सगळ्यात चांगलं टेबल घ्या. गर्दी कमी असते, पॅडॉकच्या कठड्याला अगदी पुढे जागा मिळते आणि जिंकलेला घोडा वाफाळत परत येतो तेव्हा त्याचा श्वास ऐकू येतो.

कुणाचं बुकिंग चाललं असेल तर रेसकोर्स आणि तारीख कमेंटमध्ये टाका, विचारायचे प्रश्न मी आनंदानं काढून देईन.