कुणाच्या हाताखाली?

"आत्या, ऑफर लेटर आलंय. वाचून सांग ना, कसं वाटतंय." गेल्या पंधरवड्यात भाचीनं सोलापूरहून दीड पानांची पीडीएफ पाठवली. तिचं एमबीएचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि उन्हाळ्यात आठ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. कंपनी पुण्यातली. विद्यावेतन नाही, ‘कामगिरीनुसार इन्सेंटिव्ह’ आहे. लॅपटॉप स्वतःचा आणायचा. कामाचं वर्णन एका ओळीत उरकलेलं: मार्केटिंगशी संबंधित जबाबदाऱ्या. मी ते दोनदा वाचलं आणि फोन करून विचारलं, "तुझा मार्गदर्शक कोण?"

"ते नाही कळवलं अजून. जॉइन झाल्यावर सांगू म्हणाले."

त्या रात्री घरच्या ग्रुपवर वाद पेटला. माझा दादा म्हणाला, शिकायला मिळतंय तर पैसे कशाला मागायचे, आमच्या वेळी कुणी विचारत तरी होतं का? पुण्यात आयटीत असलेल्या आतेभावाचं म्हणणं, ही सरळ पिळवणूक आहे, फुकटात मुलं राबवून घेतात. एका काकांनी 70 तास कामाच्या आठवड्याचा विषय काढला, मग 90 तासांचाही निघाला. गेली दोन-तीन वर्षं महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आणि वर्तमानपत्रांत हा वाद असाच चाललेला दिसतो, आणि दोन्ही बाजू पैसे आणि तास याच दोन गोष्टींवर भांडतात. दोन्ही महत्त्वाचे आहेतच. पण मला त्या पीडीएफमध्ये सगळ्यात जास्त खटकली ती नावाची रिकामी जागा.

कारण मीही तिथून गेले आहे. 2013 च्या एप्रिलमध्ये मी अशीच पुण्याला गेले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर 2800 रुपये, मेसचे वेगळे. माझे वडील, अण्णा, तेव्हा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात फोरमन होते, त्यांच्या पगारातून हे जायचं. कंपनी आर्थिक सेवांची होती. पहिल्या दिवशी आम्हा वीस जणांना एका हॉलमध्ये बसवून दीड तासाचं प्रशिक्षण दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून फॉर्मचा गठ्ठा देऊन रस्त्यावर पाठवलं. डीमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची खाती, उघडायची. प्रत्येकी तीस. आठ आठवड्यांत माझी अकरा झाली, त्यातली सहा सोलापुरातल्या नातेवाइकांची. ज्या मावशीनं माझ्या शब्दाखातर सही केली, तिला डीमॅट म्हणजे काय ते मलाही नीट समजावून सांगता आलं नव्हतं. या गोष्टीची बोच अजून आहे.

प्रकल्प अहवालाचं नाव मात्र होतं ‘किरकोळ गुंतवणूकदारांच्या वर्तनाचा अभ्यास’. कॉलेजातल्या गाइडनं पानं चाळून सही केली. कंपनीच्या प्रमाणपत्रावर ज्यांची सही होती, त्या गृहस्थांना मी कधीच भेटले नाही. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं घरी यायचे तेव्हा अण्णा विचारायचे, "कुणाच्या हाताखाली काम करतीस?" मला उत्तर देता यायचं नाही. मी म्हणायचे, "अण्णा, कॉर्पोरेटमध्ये तसं नसतं."

अण्णांसाठी तो साधा, रोजचा प्रश्न होता. सतराव्या वर्षी ते गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. गिरणी गेली, मग टॉवेलच्या मागांवर आले. त्यांच्या जगात माणसाची लायकी अशीच ओळखतात: हा कुणाच्या हाताखाली तयार झाला? पोराच्या चुकीला त्याला शिकवणारा जबाबदार असायचा आणि पोराचं नाव झालं की शिकवणाऱ्याचंही व्हायचं. त्या व्यवस्थेचे मला गोडवे गायचे नाहीत. जॉबरला, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाला, दस्तुरी (लाच) दिल्याशिवाय काम मिळत नसे, हाही गिरण्यांचा इतिहास आहे, आणि मागावर शिकायला जाणाऱ्या पोरांमध्ये शाळेत असायला हवी होती अशी कितीतरी होती. पण मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या पोरालाही आठवड्याला थोडेफार पैसे मिळत. ‘शिकतोयस ना, मग फुकट कर’ असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा परंपरेचा दाखला देऊन बिनपगारी इंटर्नशिपची बाजू घेणाऱ्यांनी निदान सोलापूरची परंपरा पुढे करू नये.

जर्मनीत मी दुसऱ्यांदा विद्यार्थिनी झाले. मी आले ते मोन्शेनग्लाडबाख हेही सोलापूरसारखं कापडाचंच गाव, एकेकाळी याला ऱ्हाइनलँडचं मँचेस्टर म्हणत. इथल्याही गिरण्या बंद पडल्या आणि लाल विटांच्या इमारती उरल्या. पहिल्यांदा आले तेव्हा जुन्या मिलच्या चिमण्या आठवून गळा भरून आला होता. 2016 च्या उन्हाळ्यात इथं चार महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, साठाहून जास्त अर्ज केल्यानंतर. हॉटेलांना चादरी, टॉवेल पुरवणारी मध्यम आकाराची कंपनी. सुरू होण्याआधी करार आला. त्यात रोजचे तास, रजा, मोबदला होता, आणि त्याच्याही वर एक परिच्छेद होता: या काळात ही विद्यार्थिनी काय शिकणार. खाली त्या शिकण्याला जबाबदार असलेल्या बाईंचं नाव आणि फोन नंबर. इंटर्नला घेताना शिकण्याची उद्दिष्टं लेखी द्यायची, हे इथल्या कायद्यातच आहे.

किमान वेतनाचा कायदा इथं 2015 मध्ये आला. तेव्हा तासाला 8.50 युरो होते, 2025 मध्ये ते 12.82 झाले. स्वेच्छेनं केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांहून मोठी असेल तर तिला तो लागू होतो, म्हणून माझा मोबदला महिन्याला साधारण 1470 युरो ठरला, कर वगैरे कापण्याआधी. पण अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे भाचीची इंटर्नशिप इथं असती तर कंपनीनं एक युरोही न देणं कायदेशीर ठरलं असतं. कायदा आल्यावर कित्येक कंपन्यांनी जाहिरातीतच ‘फक्त सक्तीची इंटर्नशिप असलेल्यांनी अर्ज करावा’ असं लिहायला सुरुवात केली. त्याआधी, दोन हजारच्या दशकात, पदवीधर मुलं एका फुकट इंटर्नशिपमधून दुसरीत जात राहायची. त्यांना ‘जनरेशन प्राक्टिकुम’, म्हणजे इंटर्नशिपवाली पिढी, असं नावच पडलं होतं. हे सांगते, कारण ‘तुमच्या जर्मनीत सगळं छान’ हे वाक्य ग्रुपवर लगेच येतं. प्रमाणपत्र मिळणं हा इथं हक्क आहे आणि ते नोकरी करणाऱ्याच्या भल्याच्या भाषेत लिहावं लागतं. म्हणून त्या भाषेतही एक सांकेतिक लिपी तयार झाली आहे. ‘त्यांनी प्रयत्न केले’ असं लिहिलं की समजायचं, जमलं नाही.

तरीही त्या चार महिन्यांनी मला जे दिलं ते पैशांच्या पलीकडचं होतं. दर गुरुवारी अर्धा तास त्या बाई माझ्यासमोर बसायच्या. पहिल्या गुरुवारी मी सगळ्याला "हो, समजलं" म्हटलं. आपल्याकडे वर्गात तीच सवय लागते, न समजणं म्हणजे लाज. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "या आठवड्यात तुला काय समजलं नाही?" मी गप्प. त्या थांबून राहिल्या. शेवटी मी म्हणाले की ग्राहकांच्या तक्रारींचा तक्ता मी तीन दिवस बघतेय, पण टॉवेल परत का येतात तेच कळत नाही. "छान," त्या म्हणाल्या, "मग तुझा प्रकल्प हाच."

हॉटेलं म्हणत होती, पहिल्या काही धुण्यांतच टॉवेल आटतो. माझ्याकडे आकडे होते, कारण नव्हतं. रात्री अण्णांना फोन लावला. त्यांनी विचारलं, गरम पाण्यात धुतात का? किती गरम? मग म्हणाले, "अगं, शेवटी वाळवताना ताणून माप काढलेलं असणार. कापड ताणलं की मापात दिसतं. पहिल्या गरम धुण्यात ते आपल्या जागेवर येतं. वजन बघ, वजन कमी झालं नसेल." दुसऱ्या दिवशी आम्ही धुतलेले आणि कोरे टॉवेल वजन करून पाहिले. आकार कमी झाला होता, वजन जवळपास तेवढंच. तीन पुरवठादारांपैकी एकाच्याच मालात हे होत होतं. माझ्या अहवालाचा कणा तोच झाला, आणि त्या अहवालावर मला इथली पहिली नोकरी मिळाली.

ज्या माणसाच्या एका फोननं जर्मनीतल्या कंपनीचा प्रश्न सुटला, त्याच्या कारखान्यात त्याच्या उभ्या नोकरीत एकही एमबीएचा विद्यार्थी फिरकला नाही. कॉलेज तिथून पाच किलोमीटरवर होतं. मीसुद्धा गेले नाही. मला पुणे हवं होतं, गळ्यात ओळखपत्र हवं होतं, एसी हवा होता. आणि ते चूक होतं असं मला सरसकट म्हणवत नाही. बेचाळीस अंशांच्या उन्हात मागांच्या खडखडाटात उभं राहायला कुणाचं मन होईल? शिवाय कारखानदार म्हणतात, शिकलेली पोरं येऊन काय करणार, आम्हाला कामगार मिळत नाहीत ते बघा. पण त्यांच्याकडे प्रश्न किती आहेत! सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून काय काय विकलं जातं. परदेशी ग्राहकाची तक्रार आली की उत्तर कोण लिहितं, किंमत कशी ठरते, उधारी किती महिने अडकते. यातला एकेक प्रश्न आठ आठवड्यांना पुरेल.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. केंद्राची इंटर्नशिप योजना 2024 मध्ये आली, महिन्याला 5000 रुपये, मोठ्या 500 कंपन्यांत. पण तेव्हा ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती आणि एमबीए झालेल्यांसाठीही नव्हती. त्याच वर्षी महाराष्ट्रानं युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधरांना 10000. तिच्यातली मुलं मुदत संपल्यावर ‘आता पुढे काय’ म्हणत रस्त्यावर उतरली, कारण प्रशिक्षण आणि नोकरी यांतला फरक त्यांना आधी कुणी स्पष्ट सांगितला नव्हता. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे, त्यात विद्यावेतन आहे. भाचीची उन्हाळी इंटर्नशिप यांपैकी कशातच बसत नाही.

मग हे बदलणं कुणाच्या हातात आहे? माझं मत आहे, कॉलेजच्या. इंटर्नशिप सक्तीची कॉलेजनं केली, गुण कॉलेज देतं, ‘सर्व विद्यार्थ्यांना इंटर्नशिप’ असं माहितीपत्रकात छापतंही कॉलेजच. मग मार्गदर्शकाचं नाव आणि प्रकल्पाचा प्रश्न लिहून आल्याशिवाय आम्ही मान्यता देणार नाही, एवढं कॉलेजला म्हणता येतं. त्याला नवा कायदा लागत नाही. आणि पोरीला परगावी बोलावत असाल तर कॉट आणि मेस निघेल एवढे पैसे द्या, हेही म्हणता येतं. ज्या घरात ते पैसे नाहीत त्या घरची मुलगी पुण्याला जातच नाही, ती कुणाच्या तरी ओळखीनं प्रमाणपत्र आणते. सोलापुरात अशी प्रमाणपत्रं आणणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्यांना नावं ठेवण्याआधी त्यांच्या आयांची विड्या वळण्याची मजुरी बघावी. 2004 मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं, ते तिथल्या मुलांना तिथल्या कामाशी जोडता यावं म्हणून, असं मी तरी समजत होते.

भाचीनं पुण्याच्या कंपनीला मार्गदर्शकाचं नाव विचारणारा मेल पाठवला. उत्तर आलं नाही. दरम्यान अण्णा तिला घेऊन चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराकडे जाऊन आले. ते महिन्याला 5000 आणि दुपारचं जेवण द्यायला तयार आहेत. त्यांना हवंय की परत आलेल्या मालाचा गेल्या तीन वर्षांचा हिशेब कुणीतरी नीट मांडावा. भाचीनं कॉलेजचा फॉर्म पुढे केला. त्यात एचआर विभागाच्या प्रमुखाचं नाव, सही, शिक्का असे रकाने आहेत. त्यांच्याकडे एचआर विभाग नाही. त्यांनी त्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला आणि विचारलं, "पोरी, शिकवणार मीच, मग पदनाम काय लिहू?"

फॉर्म शुक्रवारी कॉलेजात दिलाय. तो चालेल की नाही ते सोमवारी सांगणार आहेत.