पाहुण्यांसाठी उत्तम चहा करण्याची रीत

गेल्या रविवारी गंगापूर रोडवरील एका परिचितांच्या घरी जो चहा माझ्या वाट्याला आला, त्यापासून बोध घेऊन मी पुढील मार्गदर्शन करीत आहे. त्याचे काटेकोर पालन केल्यास पाहुणा तुमचा उंबरठा पुन्हा ओलांडणार नाही, आणि हल्लीच्या यजमानांना तेच हवे असावे.

पाणी कपाने मोजू नये. नळाखाली पातेले धरावे आणि मन भरले की काढावे.

आले कच्चेच किसून थेट दुधात टाकावे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे विकर असते. आले आधी पाण्यात उकळले तर ते निकामी होते आणि दूध नासण्याची गंमत हुकते. गूळही उकळत्या दुधातच घालावा, कारण गॅस बंद करून मग गूळ विरघळवणारे लोक मुळातच भित्रे असतात.

गवती चहा कुंडीत शोभतो, त्याला तेथेच राहू द्यावे.

आता मुख्य कृती. सकाळी सातला केलेला चहा न गाळता चोथ्यासकट ओट्यावर झाकून ठेवावा. दाणेदार सीटीसी पत्ती चिरडून, फाडून, वळवून केलेली असल्याने दोन-तीन मिनिटांच्या उकळीत रंग आणि चव सोडते. परंतु तुम्ही तिला दिवसभर भिजवा, म्हणजे उरलेसुरले टॅनिन उतरून पाहुण्याची जीभ टाळूला चिकटेल. दुपारी घरच्यांसाठी तोच एकदा उकळावा. सायंकाळी पाहुणा आला की त्यात वाटीभर पाणी आणि दोन चमचे साखर ढकलून पुन्हा खदखदवावा, आणि कप पुढे करताना ‘आत्ताच टाकला’ असे प्रसन्न चेहऱ्याने सांगावे. मला तसेच सांगितले गेले. पातेल्याच्या आतल्या कडेला सकाळपासून वाळत आलेली तपकिरी वर्तुळे मला सोफ्यावरून मोजता येत होती (स्वयंपाकघर बैठकीला उघडे ठेवण्याची फॅशन यजमानांना महागात पडते), आणि निफाडकडचा गारठा शहरात उतरलेला असताना मी पंचवटीपासून स्कूटरवर कुडकुडत आलो होतो तो केवळ एका गरम, ताज्या कपाच्या आशेने!

अहो, ताज्या चहाला वेळ तो किती लागतो? दोन कपांना फार तर सात-आठ मिनिटे. आधण ठेवा, ठेचलेले आले त्यात उकळू द्या, कपामागे चमचाभर पत्ती टाका, दूध घाला, एक उकळी आली की लगेच गाळा. तेवढेही होत नसेल तर पाण्याचा तांब्या पुढे करा; मी तो आनंदाने रिकामा करीन. परंतु शिळा काढा पाजून वर ‘आणखी अर्धा कप घेणार का?’ असे विचारण्याचे धाडस करू नका. आणि मी कपात उरवलेला चहा पुन्हा त्याच पातेल्यात ओतू नका. तुम्ही तो ओतलात, मी पाहिले आहे.