टॅक्स चालतो, मत चालत नाही

सकाळी सकाळी एका ग्रुपवर परदेशी रहिवाशांना निवडणुकीत मत असावं का ह्यावर वाचलं, 'मत द्यायची एवढी हौस आहे तर नागरिक व्हा, नाहीतर गप्प बसा.' त्यावर लाइक्सचा नुसता पाऊस. डोकंच फिरलं.

माझा दादा परदेशात असतो, माहितीये तुम्हाला. नोकरी तिथे, पोरं तिथल्या सरकारी शाळेत, टॅक्स तर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, तेव्हा पासपोर्ट कुठलाय हे कुणी विचारत नाही. तर मागच्या पालिका निवडणुकीत एक उमेदवार दारात आला, गोड हसला, पत्रक दिलं. वहिनीने लगेच शाळेसमोरच्या रस्त्याचं काढलं, पोरांना ओलांडायला धड सिग्नल नाही तिथे. तो म्हणाला, तुम्ही इथले नागरिक ना? दादा म्हणाला, नाही. तर त्या माणसाने वहिनीच्या हातातलं पत्रक परत घेतलं हो! परत घेतलं, यादीवर काट मारली आणि गेला शेजारच्या दारात.

बरं, मी काही जगावेगळं मागत नाहीये. न्यूझीलंडमध्ये कायमचे रहिवासी १९७५ पासून थेट संसदेसाठी मत देतात. स्वीडनने १९७६ मध्येच स्थानिक निवडणुका परदेशी रहिवाशांना खुल्या केल्या. ब्रिटनमध्ये रीतसर राहणारा भारतीय पासपोर्टवाला खासदार निवडायलाही मत देतो, बुडालं का ब्रिटन? (बुडालं असेल तर स्वतःच्याच मतांनी, तो विषय वेगळा.)

हां, युद्ध, परराष्ट्र धोरण असले निर्णय काल सामान घेऊन उतरलेल्याच्या हातात नकोत, मान्य. पण सिग्नल कुठे बसवायचा ह्यात कसली आलीये देशनिष्ठा?

आणि 'घे ना मग नागरिकत्व' म्हणायला काय जातंय. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, तिकडचं घेतलं की इकडचं गेलं. दादाने फॉर्म कधीचा आणून ठेवलाय, भरत नाही. आई आहे तोवर राहू दे म्हणतो. ह्यावर मी काय बोलणार त्याला.

खरं तर त्या पत्रकवाल्याचाही राग येत नाही आता. ज्याचं मतच नाही त्याच्या दारात तो कशाला थांबेल? पण मग वहिनीने सिग्नल मागायचा कुणाकडे?

चार-पाच वर्षं सलग राहून टॅक्स भरणाऱ्याला निदान पालिकेचं मत द्या, संसदेचं मागाहून भांडू. आणि 'मग आपल्या देशात येऊन राहिलेल्यांनाही द्यायचं का' असं विचारायला काही जण टपलेच असतील. रीतसर राहत असतील तर हो, त्यांनाही. करा आता कमेंट.