निष्ठेची झडती फक्त स्ट्रायकरचीच का?

देश मोठा की क्लब, या निष्ठेवरून ज्यांची सालटी काढली जातात ते फुटबॉलपटू जरा आठवून बघा. जवळपास सगळे पुढे खेळणारे, गोल मारणारे स्ट्रायकर. बचावातला एखादा सेंटर बॅक मांडी धरून राष्ट्रीय कॅम्पमधून परत आला, तर त्याची कोणी दखलही घेत नाही. लेफ्ट बॅकच्या देशप्रेमावर वाद रंगलेला मी तरी अजून कुठल्या कट्ट्यावर ऐकलेला नाही. स्ट्रायकरने मात्र क्लबकडून धडाधड गोल मारले आणि देशाकडून दोन सामने कोरडे गेले, की झालं. 'पैसा दिसतो तिथे बरोबर पाय चालतात याचे', हे वाक्य ठरलेलं.

आमच्या बाणेरच्या टर्फवाल्या ग्रुपवर सध्या हेच गुऱ्हाळ चालू आहे. ग्रुपमध्ये एक सीए आहे, लिव्हरपूल या इंग्लिश क्लबच्या मॅचसाठी रात्री दीडचा गजर लावणारा. त्याच्या मते राष्ट्रीय संघांचे सामने म्हणजे चालत्या सीझनला घातलेली खीळ. दुसरे एक काका आहेत. आता खेळत नाहीत, पण दर रविवारी शिट्टी घेऊन हजर. देशाने बोलावलं की विषय संपला, हे त्यांचं मत. दोघंही सज्जन, आणि माझ्या मते दोघंही चुकीच्या माणसाला जाब विचारतायत. ग्रुपवर लिहिलं तर सकाळच्या सुविचारांखाली गाडलं जाईल, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, माहीत आहे.

लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहचंच घ्या, कारण भांडण तिथूनच पेटलं. जानेवारी 2024, आयव्हरी कोस्टमधला आफ्रिका कप, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांच्या संघांची स्पर्धा. घानाविरुद्ध पहिला हाफ संपता संपता सलाहचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू गेला. तो इजिप्तचा कॅप्टन. पुढच्या उपचारांसाठी तो लिव्हरपूलला परतला आणि मायदेशात टीकेची झोड उठली, की कॅप्टन संघाला सोडून जातोच कसा? इजिप्त पुढे डीआर काँगोकडून पेनल्टीवर हरला, मग तर विचारूच नका. आता दुसरी बाजू. फेब्रुवारीत तो लिव्हरपूलकडून ब्रेंटफर्डविरुद्ध उतरला, गोल केला आणि पुन्हा बाहेर. चेल्सीविरुद्धची लीग कपची फायनल त्याच्याविनाच झाली. आमचा सीए अजून म्हणतो, आफ्रिका कपने आमचा माणूस मोडला. म्हणजे देशाला मिळाला नाही, क्लबला पुरला नाही आणि बोलणी दोन्हीकडून. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

मी काकांना विचारलं, दुखावलेली मांडी घेऊन त्याने तिथल्या हॉटेलात बसून काय करायला हवं होतं? काका म्हणाले, 'काही नाही, नुसतं बसायचं. कॅप्टन आहे ना तो.' यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ड्रेसिंग रूममध्ये नुसता बसलेला सलाहसुद्धा बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना पुरतो. पण युरोपातल्या सीझनच्या ऐन मध्यात ही स्पर्धा आली कशी? ती खरं तर 2023 च्या जून-जुलैत व्हायची होती. आयव्हरी कोस्टमधल्या पावसाळ्यामुळे जानेवारीत ढकलली. हा निर्णय काही सलाहने घेतलेला नव्हता.

नियम तसा सरळ आहे. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, राष्ट्रीय सामन्यांसाठी ठरवून दिलेल्या दिवसांत (त्याला विंडो म्हणतात) देशाने बोलावलं, की क्लबला खेळाडू सोडावा लागतो. तो गेला नाही, तर तेवढे दिवस आणि वर आणखी पाच दिवस क्लबकडून खेळता येत नाही. म्हणजे त्या काळात निवड खेळाडूच्या हातात फारशी नसतेच. खरा घोळ दोन ठिकाणी. एक, विंडोच्या बाहेरच्या स्पर्धा. दुसरा, पाय मोडला तर भुर्दंड कोणाला?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं 'क्लबला' असं होतं. 2004 मध्ये बेल्जियमच्या शार्लरोआ क्लबचा अब्देलमजीद उल्मेर्स मोरोक्कोकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला आणि कित्येक महिने बाहेर बसावं लागेल अशी दुखापत घेऊन आला. खेळाडू फुकट सोडायचा, पगार आपण भरायचा आणि भरपाई शून्य. क्लब थेट कोर्टात गेला. युरोपातली बडी धेंडं त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि 2008 मध्ये तडजोड झाली. आज वर्ल्ड कपला खेळाडू पाठवणाऱ्या क्लबांना फिफा दिवसाच्या हिशेबाने पैसे देते. 2022 च्या कतार वर्ल्ड कपसाठी ही रक्कम सगळी मिळून 20.9 कोटी डॉलर होती. देशाकडून खेळताना जायबंदी झालेल्या खेळाडूच्या पगाराची भरपाई करायची सोयही 2012 पासून आहे. उल्मेर्स होता मिडफिल्डर, त्यामुळे त्याचं नाव आपल्यापैकी कोणाला माहीत नाही. पण तिथे निष्ठेवर प्रवचनं झाली नाहीत, हिशेबावर भांडण झालं. म्हणून तर काहीतरी हाती लागलं.

आता आपल्या घरचं बघू. सप्टेंबर 2023, हांगझोऊचे आशियाई खेळ. हे खेळ फिफाच्या विंडोत बसत नाहीत आणि आपली इंडियन सुपर लीग (आयएसएल) नेमकी त्याच आठवड्यात सुरू होणार होती. क्लबांनी हात वर केले. बरेचसे नावाजलेले खेळाडू इकडेच राहिले आणि कशीबशी जमवलेली पोरं घेऊन भारताचा 39 वर्षांचा स्ट्रायकर सुनील छेत्री गेला. संघ आदल्या दिवशी चीनमध्ये उतरला, दुसऱ्या दिवशी चीनविरुद्ध मैदानात. 5-1 ने हरलो. त्यात राहुल केपीने जवळजवळ गोललाइनवरून मारलेला गोल सोडला तर बघण्यासारखं काही नव्हतं. पोरांचे पाय दुसऱ्या हाफमध्ये अक्षरशः जमिनीला चिकटले होते.

मग 21 सप्टेंबर. दुपारी ऑफिसात मोबाइल कीबोर्डला टेकवून बांगलादेशविरुद्धचा सामना बघत होतो. शेवटाकडे पेनल्टी मिळाली, छेत्रीने मारली, 1-0. त्याच रात्री कोचीत आयएसएलचा पहिला सामना होता, केरळ ब्लास्टर्स विरुद्ध बेंगळुरू एफसी, म्हणजे छेत्रीचाच क्लब. तो क्लब त्याच्याविना 2-1 ने हरला. ग्रुपवर एकाने लिहिलं, 'छेत्री कुठाय? लीगच्या ओपनिंगला दांडी?' त्याला दुपारच्या सामन्याचा पत्ताच नव्हता. लीगची सुरुवात आणि आशियाई खेळ एकाच आठवड्यात येणार हे लीगलाही ठाऊक होतं आणि भारतीय फुटबॉल फेडरेशनलाही, पण त्यांच्यापैकी कोणाचं नाव त्या ग्रुपवर कोणी घेतलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संघाचा नवा कोच खालिद जमीलच्या पहिल्याच कॅम्पला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, तेव्हा वाद पुन्हा तोच होता, विंडोचा आणि दुखापतीचा. दोन वर्षांत आपण एक इंचही पुढे सरकलो नव्हतो.

आणि निष्ठेवर पुणेकराला तर कोणी शिकवूच नये. आमचे फुटबॉल क्लब बघा. पुणे एफसी गेला. भारत एफसी एका सीझनपुरता आला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स गेला. एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला आणि 2019 मध्ये गाशा गुंडाळून मोकळा झाला. त्याच्या जागी लीगमध्ये आला हैदराबाद एफसी. पाच सीझन आम्ही केशरी जर्सी घालून बालेवाडीला जायचो. गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये अ‍ॅथलेटिक्सचा ट्रॅक, त्यामुळे पलीकडच्या गोलपोस्टपाशी नक्की काय झालं हे शेजारच्याला विचारावं लागायचं. तरी घसा बसेपर्यंत ओरडायचो. 2018 च्या मार्चमध्ये आयएसएलच्या सेमीफायनलला पोचलो, बालेवाडीत 0-0, आणि चार दिवसांनी बंगळुरूत याच छेत्रीने हॅटट्रिक मारून आमचा निकाल लावला. त्या रात्री मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

जूनमध्ये त्याचा तो व्हिडिओ आला, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये या, असं सांगणारा. चायनीज तैपेई, म्हणजे तैवानविरुद्ध आपण 5-0 ने जिंकलेल्या सामन्याला अंधेरीत जेमतेम अडीच हजार माणसं होती. पुढचा सामना केनियाशी, छेत्रीचा शंभरावा. सोमवारी हाफ डे टाकून आम्ही शिवनेरीने दादर गाठलं, तिथून लोकल. पाऊस असा, की बॉल पास दिल्यावर दोन फुटांवर पाण्यात थांबायचा. स्टेडियम खचाखच. छेत्रीने दोन मारले, 3-0. मार्चमध्ये त्याच्या नावाने बोटं मोडणारे आम्ही तिथे त्याच्याच नावाने घसा खरवडत होतो, आणि यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही. चाहत्याला हे चालतं. खेळाडूला चालत नाही.

वर्षभरात आमचा एफसी पुणे सिटी बंद झाला. मालकांच्या निष्ठेवर तेव्हा किती वाद झाले म्हणता? आमच्या ग्रुपवर दोन रडके इमोजी आणि 'आता काय सपोर्ट करायचं रे'. बस्स. आजोळ कोल्हापूरचं असल्यामुळे मला हे फार खुपलं. तिथे फुटबॉलचे संघ पेठांमधल्या तालमींचे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली, की शाहू स्टेडियमभोवतीच्या गल्ल्यांमध्ये दुसरा विषय नसतो, आणि तालीम बदलणाऱ्या पोराला पेठेतून चालणं मुश्कील होतं. पण त्या लोकांना तो हक्क आहे, कारण तालीम रातोरात उठून दुसऱ्या गावाला जात नाही. आमचे क्लब गेले.

अजून एक दुखणं आहे, त्यावर कोणी बोलत नाही. आयएसएलमधले बहुतेक क्लब नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, परदेशी आणतात. आम्हीही तेच केलं, गोल मारायला ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा अल्फारो, आणि आम्ही खूश. भारतीय पोरगा विंगवर पळतो नाहीतर बेंचवर बसतो. मग राष्ट्रीय संघाला स्ट्रायकर आणायचा कुठून? निवृत्ती घेतलेल्या छेत्रीला मार्च 2025 मध्ये परत बोलवावं लागलं आणि त्या सीझनमध्ये आयएसएलमध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक 14 गोल त्याचेच होते, चाळिशीत. यावर 'हा जागा अडवून बसलाय' अशी टीका करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

खेळाडू कधीच चुकत नाही असं माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये फ्रान्सचा कॅप्टन एमबापे मांडीच्या दुखण्यातून परतून रिअल माद्रिदकडून खेळला आणि लगेच आलेल्या विंडोत फ्रान्सच्या संघात मात्र नव्हता. त्याला न घेण्याचा निर्णय कोच देशाँचा होता हे मान्य. तरी कॅप्टन आहेस, चार शब्द स्वतःहून बोल की. तिथे मी काकांच्या बाजूने.

वेल्सचा आणि तेव्हा रिअल माद्रिदचा असलेल्या गॅरेथ बेलवर मात्र मी काही ऐकून घेणार नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये हंगेरीला हरवून वेल्स युरोसाठी पात्र ठरल्यावर तो ज्या झेंड्यामागे नाचला, त्यावर लिहिलं होतं, वेल्स, गोल्फ, माद्रिद, याच क्रमाने. माद्रिदवाल्यांनी नंतर त्याला शिट्ट्या घातल्या. अरे, तुमच्यासाठी 2018 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये त्याने मारलेली ती उलटी किक कोणत्या क्रमात बसते? आणि वेल्सला 1958 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला नेलं तेही त्यानेच. दोन्ही घरी जेवला आणि दोन्ही घरी वाढूनही गेला. हे मी टर्फवर बोललो तेव्हा काकांनी शिट्टी तोंडातून काढून एकच प्रश्न विचारला: 'ते सगळं ठीक आहे, पण गोल्फ दुसऱ्या नंबरवर कसं?'

सीए अजून हसतोय. उत्तर सुचलं तर कमेंटमध्ये टाका, रविवारी लागेल.